लिलावातलं घर, आहे तसं आणि आहे तिथं

गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारलं की तुम्ही बँकेच्या लिलावातला फ्लॅट घेतलात म्हणे, स्वस्तात पडला का, फसवत नाहीत ना, कागदपत्रं कशी असतात, की शेवटी म्हटलं प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढावं. मी वकील नाही, एजंट नाही. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघते, ह्यांचं उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे, चौदा वर्षं भाड्यानं राहिलो, आणि सगळं मिळून पस्तीस लाखांच्या आत काय ते बसवायचं एवढीच आमची ताकद. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी वगैरे आम्ही नुसतं बघून परत आलो.

जाहिरात पेपरात आली होती. ती जाहीर लिलावाची नोटीस असते ना, बारीक अक्षरात, अर्ध पान भरून, ती मी आधी कधी वाचलीच नव्हती. त्यात एक वाक्य असतं, 'जसे आहे जेथे आहे, जे काही आहे' या तत्त्वावर विक्री. ते वाक्य पहिल्यांदा वाचताना वाटलं, म्हणजे भिंतीला ओल असली, फरशी फुटली असली तर बँक दुरुस्त करून देणार नाही, एवढंच असणार. तेवढंच नसतं. त्यात थकलेला घरफाळा आला, पाणीपट्टी आली, अपार्टमेंटचा मेंटेनन्स आला, लाइट बिल आलं, कोर्टात काही चालू असेल तर ते आलं, आत कोणी राहत असेल तर तो माणूससुद्धा त्या 'जसे आहे' मध्ये आला. बँक फक्त म्हणते आमचं कर्ज होतं, आम्ही विकतोय, बाकी तुमचं तुम्ही बघून घ्या.

आत राहणारा माणूस, हे सगळ्यात आधी लिहिते कारण आम्ही तिथंच अडकणार होतो. आम्ही पहिल्यांदा जे घर धरलं होतं ते हे नव्हतंच. राजारामपुरीच्या बाजूला एक बैठं घर होतं, किंमत इतकी कमी की हे रात्री झोपेनात. नोटिशीत ताब्याच्या रकान्यात 'सांकेतिक' असं लिहिलेलं. आम्हाला काय कळतंय. वकीलसाहेबांकडं गेलो तर त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हात लावू नका." सांकेतिक ताबा म्हणजे बँकेनं दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली, पण आत अजून ते कुटुंब राहतंय. प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँकेला सरफेसी कायद्याच्या (कर्ज थकलं की बँकेला तारण घर विकू देणारा कायदा) कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करावा लागतो, मग आदेश, मग तहसीलदार, पोलीस बंदोबस्त, आणि यातलं प्रत्येक पाऊल कागदावर दिसतं तेवढं पटकन पडत नाही. ह्यांच्या ओळखीतल्या एकानं असंच घर घेतलं, पैसे भरून दोन वर्षं झाली, हप्ता चालू आहे आणि भाडंही चालू आहे. त्यामुळं माझं सांगणं एकच, नोटीस हातात घेतली की किंमत नंतर बघा, ताब्याचा रकाना आधी बघा. प्रत्यक्ष ताबा लिहिलेलं नसेल तर ते घर आपल्यासारख्या पगारदार माणसासाठी नाही.

मग हा फ्लॅट. रमणमळ्याच्या बाजूला, तळमजला, दोन बेडरूम, प्रत्यक्ष ताबा बँकेकडं, दाराला सील. लिलाव दुसऱ्यांदा लागलेला, पहिल्या वेळी कोणीच आलं नव्हतं म्हणून राखीव किंमत, म्हणजे जिथनं बोली सुरू होते ती, खाली आणलेली, 27 लाख 90 हजार. कर्ज एका सहकारी बँकेचं. मला आधी शंका आली की सहकारी बँकेला असं घर विकता येतं का, तर वकीलसाहेब म्हणाले की हा वाद पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता आणि तोही आपल्याच जिल्ह्यातनं, मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या केसमधनं. मे 2020 मध्ये घटनापीठानं निकाल दिला की 2002 चा सरफेसी कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थांचं मात्र वेगळं असतं, त्या सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेऊन वसुली करतात, त्यांची प्रक्रिया वेगळी, कागद वेगळे. म्हणजे विकणारा कोण आहे आणि कुठल्या कायद्यानं विकतोय हे आधी विचारायचं.

वकीलसाहेबांनी काय काय तपासलं ते सांगते. सरफेसीच्या कलम 13(2) ची, पैसे भरा म्हणून साठ दिवसांची नोटीस कर्जदाराला नीट पोचली का, त्यानंतर 13(4) चा ताबा कधी घेतला, त्यावर कर्जदार पंचेचाळीस दिवसांत डीआरटीत, म्हणजे पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, गेला का, आणि गेला असेल तर तिथं काय चालू आहे. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे घराच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदी, काढला. सिटी सर्व्हेत जाऊन प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढला, त्यावर एकाच बँकेचा बोजा आहे की आणखी कोणाचा ते बघितलं. मला सगळ्यात जास्त भीती होती ती म्हणजे आपण बोली जिंकली, पैसे भरले आणि मूळ मालक पैसे घेऊन आला तर? तर 2016 साली कायद्यात बदल झाला आणि सप्टेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच कर्जदाराला सगळे पैसे भरून घर सोडवता येतं, नंतर तो हक्क उरत नाही. तरी विक्रीची प्रक्रियाच चुकीची झाली असं म्हणून तो दाद मागू शकतोच, म्हणून वकीलसाहेबांचं पालुपद एकच, "सेल सर्टिफिकेट (बँकेचं विक्रीचं प्रमाणपत्र) हातात येईपर्यंत गुलाल उधळायचा नाही."

आता घर बघायला गेलो तो दिवस. नोटिशीत पाहणीची तारीख दिलेली असते, वेळ दिलेली असते, सकाळी अकरा ते बारा, त्या एका तासात काय बघायचं ते बघा. बँकेचे साहेब आणि वसुली एजन्सीचा एक तरणा पोरगा चावी घेऊन आलेला. सील काढलं, दार उघडलं आणि बंद घराचा तो वास आला, ओल्या पोत्याचा येतो ना तसा. भिंती मात्र स्वच्छ. कमरेच्या वरपर्यंत रंग बऱ्यापैकी नवा, त्याच्या वर जुना. मी म्हटलं चला रंग तरी दिलेला आहे. हे काहीच बोलले नाहीत, सरळ हॉलमधल्या स्विचबोर्डाकडं गेले, खिशातनं टेस्टर काढला. तो पोरगा म्हणाला, "अवो साहेब, खोलायचं न्हाई, नुसतं बघायचं." हे म्हणाले, "बघायलाच खोलतोय भावा, परत लावून देतो." बँकेच्या साहेबांनी मान हलवली.

चार स्क्रू काढले आणि प्लेट पुढं ओढली. आत पेटीत, वायरींच्या मागं, बोटभर जाडीचा वाळलेला गाळ. पिवळसर करडा, मैद्यासारखा मऊ, भेगा पडलेला. ह्यांनी बोटानं टोकरलं तर त्याची भुकटी पडली फरशीवर. पंचगंगेचा गाळ. बाहेरनं रंग दिला, पेटी कोणी उघडून बघितलीच नव्हती. मग बेडरूममधल्या कपाटाच्या मागची प्लायवूडची फळी वाळवीनं खाल्ली होती ती हातानंच निघाली, आणि मागं भिंतीवर रेष, तपकिरी, सरळ, जणू कोणी दोरी धरून मारलीय, माझ्या छातीला लागेल एवढ्या उंचीवर. मी तिथं उभी राहिले आणि हात लावला तर गिलाव्याचा पोपडा सुटून आला.

कोल्हापुरात राहणाऱ्याला हे नवीन नाही. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 ची जुलै, दोन्ही वेळा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 43 ची. रमणमळा, नागाळा पार्क, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, ही सगळी नावं आपल्याला पाठ आहेत. पण माहीत असणं वेगळं आणि ज्या घरासाठी आपण आयुष्याची पुंजी लावणार त्याच्या भिंतीवर रेष बघणं वेगळं. बँकेच्या कागदात याबद्दल एक अक्षर नव्हतं. बँकेनं लपवलं असंही म्हणता येत नाही, 'जसे आहे' लिहिलंच होतं की.

बाहेर गेटपाशी आलो तर वरच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन येत होत्या. मी थांबवलं त्यांना. त्यांनी आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "घेणार हाय का? मग खरं सांगू का पोरी?" आणि पुढचा अर्धा तास त्या पिशवी खाली ठेवून बोलत होत्या. दोन्ही पुरांत पाणी आत किती आलं, किती दिवस राहिलं, आधीचा मालक कोण, चांगली माणसं होती, त्याचं जॉबवर्कचं वर्कशॉप, पहिल्या पुरात मशिनी गेल्या, मग लॉकडाऊन, मग दुसरा पूर, आणि हप्ते थकत गेले. मेंटेनन्स किती थकलाय तो आकडाही त्यांनीच सांगितला, 94 हजार. लाइटचा मीटर काढून नेलाय हेही. मी वहीत लिहून घेत होते. बँकेच्या ऑफिसात बसून मला जे कळलं नसतं ते सगळं मला त्या गेटपाशी कळलं.

घरी येऊन मी हिशेब मांडला. माझं कामच ते, त्यामुळं हे मात्र नीट केलं. तळमजल्याचा, पाणी येणारा फ्लॅट सरळ मालकाकडनं घेतला असता तर काय पडला असता, त्यातनं थकलेला घरफाळा, मेंटेनन्स, नवीन वायरिंग, गिलावा, मोऱ्यांचं काम, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन मिळून सात टक्के, वकिलांची फी, सगळं वजा केलं. लाइट बिल तर धरायलाच पाहिजे, कारण मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आधीच्या मालकाचं थकलेलं वीज बिल लिलावात घेणाऱ्याकडनं मागता येतं, नियमात तशी तरतूद असेल तर, आणि 'आहे तसं' घेणाऱ्यानं ते आधी चौकशी करून बघायला हवं. हे सगळं काढून आमचा आकडा आला 30 लाख. त्याच्यावर पाच हजारसुद्धा नाही. मी तो कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला, कारण बोली लागली की माणसाचं डोकं चालत नाही असं सगळेच सांगत होते.

आणि खरंच तसं होतं. लिलाव ऑनलाइन, अनामत रक्कम राखीव किमतीच्या दहा टक्के म्हणजे 2 लाख 79 हजार आधीच भरलेली. अकरा ते बारा. पंचवीस हजाराच्या पायरीनं बोली वाढायची, शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली टाकली की परत पाच मिनिटं वाढायची. आमच्यासकट तिघं होतो, एक लवकरच थांबला, दुसरा मात्र आमच्या मागं मागं. 28.65, 28.90, 29.15. 29.40 ला आमची बोली लागली आणि घड्याळ उलटं मोजायला लागलं, ह्यांचा हात माझ्या खांद्यावर इतका घट्ट होता की संध्याकाळी खांदा दुखत होता. पाच मिनिटं संपली. फ्लॅट आमचा.

पण आनंद करायला वेळच नसतो. पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे, म्हणजे 7 लाख 35 हजार, त्यातनं अनामत वजा जाता 4 लाख 56 हजार. उरलेले 22 लाख 5 हजार पंधरा दिवसांत. मुदत लेखी मागून वाढवून मिळू शकते, जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत, पण ती मिळेलच हे धरून चालू नका. आणि नाही भरता आले तर भरलेले पैसे जप्त, आणि 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं पंचवीस टक्क्यांची पूर्ण जप्ती योग्य ठरवलीय. म्हणून कृपा करून एक करा, बोली लावायच्या आधी कर्ज मंजूर करून ठेवा. लिलावातल्या घराला सगळ्याच बँका कर्ज देत नाहीत, आम्ही आधी महिनाभर फिरलो तेव्हा एका ठिकाणी मंजुरी मिळाली. तरीही माझ्या पाटल्या गेल्या आणि ह्यांनी दुकानाची एफडी मोडली.

सेल सर्टिफिकेट मिळालं, दुय्यम निबंधकाकडं नोंद झाली. मेंटेनन्सचे 94 हजार आम्हीच भरले, घरफाळा तीन वर्षांचा भरला, लाइट ऑफिसात चार हेलपाटे झाले कारण जुना मीटर पीडी, म्हणजे कायमचा बंद, झालेला, ते सगळं कंटाळवाणं आहे, पावत्या जपून ठेवा एवढंच सांगते.

मला त्याहून जास्त जे सांगायचंय ते पुढचं आहे. सासूबाई सुरुवातीपासनं विरोधात होत्या. "जप्तीचं घर लाभत न्हाई, कुणाचा तरी तळतळाट असतोय," हे त्या रोज म्हणायच्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कारण कोणीतरी रडत रडत ते घर सोडलं असणार हे मलाही कळत होतं, आणि ते मनातनं जात नव्हतं.

चावी मिळाल्यावर पहिल्यांदा आम्ही स्वैपाकघर आवरायला घेतलं. बँकेच्या पंचनाम्यात लिहिलं होतं सामान नेलं म्हणून, पण माळ्यावर अजून बरंच होतं. एक पाटा, दोन पितळी डबे, मुलांची दप्तरं, आणि कोपऱ्यात एक चिनी मातीची बरणी, तोंडाला दादरा बांधलेला, दोरीच्या तीन गाठी. मी दादरा सोडला आणि वास आला, कांदा-लसणाची चटणी. वरचा थर काळपट पडलेला पण चमच्यानं बाजूला सारला तर आत लालभडक. वर्षाची चटणी होती ती. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांडून आणून, कांदा तळून, दोन दिवस खपून केलेली असते, आणि ती तशीच टाकून जावं लागलं.

मी काकूंना म्हटलं, आधीच्या मालकाच्या घरच्या, त्या वहिनींचा नंबर आहे का. त्यांनी दिला. फोन करताना माझा आवाज थरथरत होता. म्हटलं तुमचं सामान आहे, आम्ही टाकलेलं नाही, कधी येताय. पलीकडं बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "येतो रविवारी."

रविवारी दोघं नवराबायको आले, भाड्यानं टेम्पो घेऊन. दादा बाहेरच थांबले, आत आले नाहीत. वहिनी आल्या. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा केला, हळदीकुंकू लावलं. वहिनींनी बरणी उचलली, वास घेतला आणि तिथंच पाटावर बसून रडल्या, आणि सासूबाई त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत बसल्या. मी काय बोलणार. मग डोळे पुसून त्या उठल्या, आणि निघायच्या आधी मला हाताला धरून बाथरूममध्ये घेऊन गेल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "पाणी दारातनं येत न्हाई. सगळी दाराला पोती लावत्यात. पाणी आधी हितनं येतंय, ह्या जाळीतनं. गेटबाहेर रस्ता कोरडा असतोय तवाच हितं बुडबुडे येत्यात. आमी पहिल्या पुरात दार धरून बसलो आणि मागनं घर भरलं." मग त्यांनी मला मेन वॉल्व्ह कुठं पुरलाय ते दाखवलं, जो आम्हाला सापडतच नव्हता, मागच्या खिडकीची कुठली कडी ढिली आहे ते दाखवलं, आणि आतल्या खोलीतली कुठली भिंत सगळ्यात उशिरा वाळते ते सांगितलं. तीस वर्षांचा सर्च काढला, तीन वकिली अभिप्राय घेतले, पण हे कुठल्या कागदात असणार?

आम्ही प्लंबर बोलावला. ड्रेनेजच्या लाइनीला एनआरव्ही बसवला, म्हणजे पाणी बाहेर जाईल पण उलटं आत येणार नाही. बाथरूमच्या दोन्ही जाळ्यांना रबरी बूच करून घेतलं, ह्यांनीच दुकानात लेथवाल्याकडनं ॲल्युमिनियमच्या चकत्या काढून आणल्या. सगळे स्विचबोर्ड खांद्याच्या वर नेले, वायरिंग वरनं खाली आणलं. किचन ट्रॉलीला प्लाय घातलाच नाही, कडाप्प्याच्या फळ्या केल्या.

आणि मग पहिला पावसाळा. बंधाऱ्यावर 39 फूट, म्हणजे इशारा पातळी, झाल्याचा मेसेज ह्यांच्या ग्रुपवर आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. सासूबाईंना आणि पोरांना काकूंच्या घरी वर पाठवलं, गादी, धान्य, कागदपत्रं सगळं वर. रस्ता कोरडा होता. मी बाथरूममध्ये स्टूल टाकून बॅटरी घेऊन बसले. दोनच्या सुमाराला जाळीखालनं आवाज आला, गुडगुड, गुडगुड, कोणी तरी खालनं फुंकर मारतंय तसा. बूच घट्ट होतं. मी त्याच्यावर हात ठेवून बसले, खालनं दाब येताना तळहाताला कळत होता. पहाटेपर्यंत फरशी कोरडी राहिली, आणि सकाळी बातमी आली की पातळी स्थिर आहे.

सात वाजता मी वहिनींना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी, झोपल्याच नव्हत्या. "आलं का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "न्हाई वहिनी. बुडबुडे आले, पाणी न्हाई आलं."